उडणारी माती, वाहणारी माती

आपल्या प्रशासनात उडणाऱ्या मातीला नियम आहे. वाहणाऱ्या मातीला मात्र वाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण नियमांत दुरुस्ती केली आणि हवेतील धूलिकण मर्यादेबाहेर असलेल्या शहरांत बांधकामावरील सैल माती उघडी ठेवण्यास मनाई केली. हेतू धूळ रोखण्याचा होता. तीच माती पावसाच्या पहिल्या सरींबरोबर फाटकाबाहेर पडून गटारात उतरते, तेव्हा ती कोणाची, हे विचारणारे खाते सहसा सापडत नाही.

‘पर्यावरण मंजुरीत अटी असतातच की’, असे सांगितले जाते. असतात, परंतु २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे इमारतींना ही मंजुरी लागते ती बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर वा अधिक असेल तरच. बांधीव क्षेत्र म्हणजे मजल्यांची बेरीज. पावसाला मजल्यांशी काय कर्तव्य? तो उघड्या जमिनीवर कोसळतो. अमेरिकेत पाच एकर वा अधिक जमीन उघडी पाडणाऱ्या बांधकामांना १९९० च्या नियमांनी पावसाळी पाण्याच्या परवान्याखाली आणले. २००३ पासून ही मर्यादा एक एकरावर आली. तेथे मोजमाप जमिनीचे, आपल्याकडे स्लॅबचे.

परिणाम पाहायचा तर गुवाहाटीकडे पाहावे. टेकड्यांचे उतार कापून मोकळी झालेली लाल माती खाली गटारांत आणि भरलू नदीत येऊन बसते, पाण्याची वाट अडते आणि रस्ते तुंबतात. आपण कोणत्याही शहरात स्थायिक झालेले असा, पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईच्या निविदा आपल्या परिचयाच्या असतील. विकासकाचा नफा त्याच्या घरी, त्याचा गाळ करदात्याच्या दारी, असा हा व्यवहार आहे.

‘आम्ही गाळासाठी खड्डा खणला आहे’, हे दुसरे उत्तर. वाळूचा कण मीटरभर खाली बसण्यास काही मिनिटे पुरतात. चिकणमातीच्या कणास कित्येक दिवस लागतात. तोवर पाणी खड्ड्यातून ओसंडून गेलेले असते. म्हणून उपाय उगमाशीच हवा. सारी जमीन एकदम न सोलता टप्प्याटप्प्याने उघडावी, वरून येणारे पाणी चरातून बाजूस वळवावे, ढिगारे झाकावेत, उतारांवर गवत लावावे, मालमोटारींची चाके फाटकाशीच धुवावीत. शेताला बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला यातले निम्मे शहाणपण परंपरेनेच ठाऊक असते.

यासाठी नवे प्राधिकरण नको. महापालिकांनी बांधकाम परवान्यात उघड्या जमिनीचे क्षेत्र नोंदवावे, त्या प्रमाणात अनामत घ्यावी, पावसाळ्यापूर्वी पाहणी करावी. गटारात त्या बांधकामाची माती सापडल्यास सफाईचा खर्च अनामतीतून वळता करावा, आणि हा हिशेब पुरा झाल्याविना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

खर्च वाढेल, अशी ओरड होईल. खर्च आजही होतच आहे. तो फक्त दुसऱ्याच्या खिशातून होतो. मनुष्यबळ नाही, असेही म्हटले जाईल. काढलेल्या गाळाची देयके तपासण्यास आपल्याकडे अभियंते आहेत. तो गाळ जेथे जन्मतो तेथे एकदा फेरी मारण्यास ते का मिळू नयेत, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.