दहा दिवसांची मुदत
विंडोज १० ला मिळणारे नियमित संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यामुळे ज्यांनी निरुपायाने विंडोज ११ चा अंगीकार केला, त्यांच्यापैकी कोणाचा प्रिंटर मुका झाला असेल वा ध्वनी अकस्मात लुप्त झाला असेल, तर त्यांनी यंत्र बदलण्याची घाई न करता प्रथम विंडोज आणि उपकरण यांच्यात दुभाषेपणा करणाऱ्या ड्रायव्हर नामक जुन्या कारकुनाची झडती घ्यावी, कारण नव्या अंमलाचे कायदे त्याला बहुधा ठाऊकच नसतात. निर्मात्याकडून त्याची ताजी आवृत्ती आणताच पुष्कळशी तक्रार मिटते (दुकानदार मात्र नवा प्रिंटरच सुचवितो, हे ओघाने आलेच). तेवढ्याने न भागल्यास सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या मार्गे पूर्वस्थितीस परतता येते. परंतु ही मुभा सामान्यतः १० दिवसांचीच असल्याने, तोवर जागेच्या लोभाने जुनी प्रणाली जपून ठेवणारे ‘विंडोज.ओल्ड’ हे दप्तर कृपा करून पुसू नये.