घोड्याचा पुठ्ठा कुणाच्या भाषेचा?

मराठीतून अरबी-फारसी शब्द हाकलून द्या, अशी हाकाटी अधूनमधून उठते. हाकलणाऱ्यांना माझी एकच विनंती : आधी घोड्यावर बसून दाखवा.

घोड्याचा लगाम फारसी, जीन फारसी. रिकीब अरबी. जीन पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतात तो पट्टा म्हणजे दुमची. फारसीत दुम म्हणजे शेपूट. ही दुमची टेकते पुठ्ठ्यावर, आणि पुठ्ठ्याचं मूळ कोशकार संस्कृत ‘पृष्ठ’मध्ये शोधतात. आता यातलं नेमकं काय काढायचं? राज्यव्यवहारकोशाचा दाखला लगेच दिला जाईल. शिवाजी महाराजांनी तो करवून घेतला, हे खरंच. पण कोश झाल्यावरही घोड्याच्या तोंडात लगामच राहिला.

आता आपल्या घरच्यांसाठी. उर्दू म्हणजे निव्वळ अरबी-फारसी, मराठी ‘त्यांची’, असं मानणारी मंडळी आपल्यातही आहेत. मी या दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून विचारतो : उर्दूतला पुट्ठा कुठून आला? पीठ कुठून आली? खुद्द घोडा? जनावराचा पुट्ठा आणि पुस्तकाचा पुट्ठा, हे दोन्ही अर्थ उर्दूत आहेत आणि मराठीतही. एकाच मातीतले शब्द.

फ्रेंचांचंही असंच. जनावराच्या मागच्या भागाला ते ‘क्रूप’ म्हणतात. एवढी नखरेल भाषा, पण हा शब्द जर्मानिक वंशाचा, शेजाऱ्यांकडून आलेला. त्यावरून ‘क्रूपिए’ झाला : आधी स्वाराच्या मागे घोड्याच्या पुठ्ठ्यावर बसणारा, मग जुगाऱ्याच्या पाठीशी राहणारा साथीदार, आणि शेवटी कॅसिनोत डाव चालवणारा. आज पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंतही तो आहे. म्हणून फ्रेंच बाटली का?

मी राहतो नागपुरात, सदरमध्ये. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढचा भाग. तोच शब्द मराठीत वाड्याची सदर झाला, वर्तमानपत्रातलं सदर झाला, अर्जातला ‘सदरहू’ झाला. म्हणजे छाती अरबी आणि पुठ्ठा संस्कृत. जनावर मात्र एकच.

वर्गातल्या मुलाला त्याच्या घरचा शब्द ‘बाहेरचा’ आहे म्हणून हिणवणारा माणूस भाषा शुद्ध करत नाही. तो एका मुलाला मराठीतून उठवतो. मराठीचं याहून मोठं नुकसान कोणत्याही फारसी शब्दाने केलेलं नाही.