परीक्षा घ्या, पण जागा मोजून

मुलगी ‘प्लॅब’ पास झाली की आपल्याकडे पेढे वाटतात. आता पोरगी इंग्लंडला चालली, तिथे एमडी होणार, असं घरचे सांगत सुटतात. मग कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन येतो. परवा आटपाडीकडच्या एका निवृत्त शिक्षकांचा आला होता. “मॅडम, पास तर झालीय. आता नोकरी कधीपर्यंत लागेल?” त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. मी त्यांना खरं ते सांगितलं आणि पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मी मूळची तासगावची. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि २००५ मध्ये इकडे आले. आता उत्तर इंग्लंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांची कन्सल्टंट आहे. कनिष्ठ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. म्हणून हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो.

प्लॅब ही ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची परीक्षा. आधी इंग्रजीची चाचणी द्यायची, आयईएलटीएसला एकूण साडेसात गुण लागतात. मग पहिला पेपर, १८० प्रश्नांचा. तो मुंबईतही देता येतो. दुसरा टप्पा मात्र मँचेस्टरलाच. तिथे सोळा स्टेशनं असतात, बहुतेक ठिकाणी समोर रुग्णाची भूमिका करणारा नट बसलेला असतो, आणि आठ मिनिटांत त्याची तपासणी, बोलणं, धीर देणं सगळं दाखवायचं. दोन टप्प्यांची फीच बाराशे पौंडांच्या वर जाते. व्हिसा, विमान, मँचेस्टरमधली खोली आणि तिथल्या अकॅडमीची फी धरली तर तीन-चार लाख रुपये कुठे गेले ते कळत नाही. एवढं झाल्यावर कौन्सिलकडे नोंदणी होते, म्हणजे इथे डॉक्टरकी करायला परवानगी मिळते. नोकरी ज्याची त्याने शोधायची.

नोकरीतही दोन जाती आहेत, आणि हे आपल्याकडे कुणी नीट समजावून सांगत नाही. एक ‘ट्रेनिंग’ची जागा आणि दुसरी बिगर-ट्रेनिंगची, जिला ‘ट्रस्ट ग्रेड’ किंवा ‘क्लिनिकल फेलो’ म्हणतात. वॉर्ड तोच, रात्रपाळी तीच, कमरेचा ब्लीप, म्हणजे पेजर, तोच. रात्री तीन वाजता ऐंशी वर्षांच्या आजी पलंगावरून पडल्या तर दोघांपैकी जो ड्युटीवर असेल तो धावतो. पण ट्रेनिंगमधल्या डॉक्टरचं प्रत्येक वर्ष मोजलं जातं. त्याला मार्गदर्शक असतो, अभ्यासाची रजा असते, वर्षअखेरीला परीक्षण होतं आणि काही वर्षांनी तो तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो. दुसऱ्याचं वर्ष पाळ्यांच्या वेळापत्रकातली रिकामी जागा भरण्यात जातं. कंत्राट बहुधा वर्षाचं, आणि व्हिसा त्या कंत्राटाला बांधलेला. अशी चार वर्षं काढून तो भारतात परतला, तर त्या चार वर्षांची पदव्युत्तर पदवी होत नाही.

आता तर ही दुसऱ्या जातीची नोकरीही मिळेनाशी झाली आहे. आमच्या विभागात अलीकडे अशी एक जागा निघाली. सकाळी जाहिरात टाकली आणि अर्जांचा एवढा ढीग झाला की संध्याकाळच्या आत ती बंद करावी लागली. इतके अर्ज वाचणार कोण? मग चाळणी लावतात: एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आधी काम केलंय का? नसेल तर बाजूला. नव्याने प्लॅब झालेल्या मुलीने हा अनुभव आणायचा कुठून? काही जणी बिनपगारी ‘अटॅचमेंट’ करतात, स्वतःच्या खर्चाने खोली घेऊन वॉर्डात नुसत्या उभ्या राहतात. त्यांच्यापैकी एकीने आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात एकटीने रात्रभर बाळंतपणं केली होती. इथे तिला सलाईन लावायचीही परवानगी नव्हती.

हे मी दुसऱ्यांदा पाहते आहे, आणि म्हणूनच लिहायला बसले.

२००५ मध्ये मी लंडनच्या ईस्ट हॅममध्ये राहत होते. तेव्हाही प्लॅब पास झालेल्या भारतीय डॉक्टरांची रीघ लागली होती. एकेका खोलीत चार-पाच जण. दर आठवड्याला ‘बीएमजे’ या वैद्यकीय साप्ताहिकाची नोकऱ्यांची पुरवणी आली की सगळे तिच्यावर तुटून पडत. लायब्ररीत बायोडेटाच्या प्रती काढायच्या, पाकिटं भरायची आणि नकाराच्या पत्रांची वाट पाहायची. कित्येकांना तर नकारही येत नसे. पैसे संपलेले डॉक्टर ईस्ट हॅमच्या देवळात प्रसादाच्या जेवणाला जात. तिथे पानावर माझ्या शेजारी बसलेला नागपूरचा एक सर्जन मुलगा घरी फोन करताना “ड्युटीवरून आत्ताच आलो” असं सांगायचा.

आणि मग ७ मार्च २००६ ला सरकारने जाहीर केलं की परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची जी मुभा होती, ती ३ एप्रिलपासून बंद. महिनाभराचीही सवड नाही. यापुढे युरोपातला उमेदवार मिळत नसेल तरच आमचा विचार. जे भरवशावर आले होते, ज्यांची निम्मी वाट झाली होती, तेही त्यात सापडले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना कोर्टात गेली. हायकोर्टात हरली, अपिलात काही अंशी जिंकली आणि शेवटी ३० एप्रिल २००८ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: उच्चकुशल स्थलांतरित म्हणून रीतसर आलेल्या डॉक्टरांना मागे ढकलणारी आरोग्य खात्याची सूचना बेकायदा आहे. त्या खटल्यासाठी आम्ही सगळ्यांनी पगारातून पैसे दिले होते. निकाल आला तोपर्यंत माझे कितीतरी सोबती सामान आवरून परत गेले होते. नागपूरचा तो मुलगाही.

पुढे वारं फिरलं. डॉक्टर कमी पडू लागले तेव्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये सगळ्याच डॉक्टरांना टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत घातलं आणि स्थानिक उमेदवार आधी शोधण्याची अट त्यांच्यापुरती गेली. प्लॅबच्या जागा वाढवल्या. कोविडच्या लाटांमध्ये ज्यांनी वॉर्ड सांभाळले त्यांत हेच परदेशी डॉक्टर मोठ्या संख्येने होते. दरवर्षी कौन्सिलकडे नव्याने नोंदणी करणाऱ्यांत परदेशात शिकलेले डॉक्टर निम्म्याहून जास्त झाले. पण ट्रेनिंगच्या जागा त्या प्रमाणात कुणी वाढवल्याच नाहीत. २०२५ मध्ये सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून जास्त डॉक्टरांनी अर्ज केले. त्यात इथेच शिकलेली, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेली ब्रिटिश मुलंही लोंबकळत राहिली.

त्यांचा राग मला समजतो. माझ्या हाताखालची एक मुलगी इथल्याच गावातली, वडील बस चालवतात. दोन वर्षं ‘फाउंडेशन’, म्हणजे पदवीनंतरचं पहिलं प्रशिक्षण, करून तिला पुढे जागा नाही. स्वतःच्या करातून डॉक्टर घडवणाऱ्या देशाने आपल्या मुलांना आधी जागा द्यावी, यात मला काहीही गैर वाटत नाही. आपल्या राज्यात ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी ठेवा म्हणून आपण भांडतो, तेव्हा आपणही हेच म्हणत असतो. जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटिश सरकारने तसं जाहीर केलं. त्यात एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्या परदेशी डॉक्टरांनाही प्राधान्य देऊ, असं म्हटलं होतं. इथपर्यंत ठीक होतं.

पण जानेवारी २०२६ मध्ये त्यासाठी जे विधेयक तातडीने संसदेत आणलं, ते चालू फेरीलाच लावायचं ठरलं. या फेरीचे अर्ज शरद ऋतूत भरून झाले होते. लोकांनी परीक्षेची तयारी केली होती, मुलाखतींची तयारी चालली होती. आणि मध्येच सांगितलं की ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या जागा देताना इथले पदवीधर आणि ठरावीक गटांतले डॉक्टर आधी. एनएचएसमधल्या अनुभवासाठी या वर्षी मुख्य खूण धरली ती कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, आणि आमच्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना तो साधारण पाच वर्षांनी मिळतो. माझ्या वॉर्डात साताऱ्याकडचा एक डॉक्टर आहे, तीन वर्षांहून जास्त काळ आमच्याकडे रात्रपाळ्या करतो. आमच्या म्हाताऱ्या रुग्णांची नावंच काय, नातवंडांची नावंही त्याला पाठ आहेत. तो या गटात बसत नाही. ज्यांनी इथे एकही दिवस काम केलेलं नाही अशा आयर्लंड, नॉर्वे किंवा स्वित्झर्लंडच्या पदवीधरांना मात्र प्राधान्य आहे, कारण त्या देशांशी तसे करार आहेत.

२००६ चीच ही पुनरावृत्ती आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते. नियम बदलायचा हक्क सरकारला आहे. पण जो आधीच आला, राबला, ज्याने जुन्या नियमाप्रमाणे अर्ज भरला, त्याचा अर्ज जुन्या नियमानेच तपासला पाहिजे. एनएचएसमध्ये दोन वर्षं काम केलेल्याला प्राधान्याच्या गटात घ्यायला हवं, मग त्याच्या पासपोर्टवर कोणताही शिक्का असो. कामाचा दाखला प्रत्येक रुग्णालयाकडे असतो. तो मागवायला काय अडचण आहे?

आणि प्लॅब? एकीकडे दार लोटून घ्यायचं आणि दुसरीकडे परीक्षेची फी घेत राहायची, हे थांबलं पाहिजे. नोकऱ्यांसाठी स्पर्धा फार आहे असं सांगून भागत नाही. मागच्या वर्षी प्लॅब पास झालेल्यांपैकी किती जणांना सहा महिन्यांत पगारी काम मिळालं आणि किती जणांना ट्रेनिंगची जागा मिळाली, हे दोन आकडे कौन्सिलने अर्जाच्या पहिल्याच पानावर छापावेत. कोणाची नोंदणी झाली आहे आणि कोण कुठे काम करतं, याची माहिती त्यांच्याकडे असते. आणि मँचेस्टरच्या परीक्षेला दरवर्षी किती जणांना बसवायचं, ते त्या वर्षीच्या कामाच्या जागा पाहून ठरवावं.

आपल्या मुलांना मी दोष देत नाही. ती का निघतात ते मला माहीत आहे. नीट-पीजीला दोन लाखांवर मुलं बसतात. २२ जून २०२४ च्या रात्री, परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असताना, ती पुढे ढकलली. माझा भाचा तेव्हा सोलापूरहून रेल्वेने सेंटरच्या गावी निघाला होता, बातमी त्याला गाडीत कळली. ती परीक्षा अखेर ११ ऑगस्टला झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तारीख सरकली. सरकारी जागा थोड्या, हव्या त्या विषयाच्या त्याहून थोड्या, आणि खासगी कॉलेजातल्या जागेची फी ऐकून शिक्षकाच्या घरात कुणी पुढे विचारही करत नाही. अशा मुलाला कुणी ‘प्लॅब कर, पास हो, जा’ असं सांगितलं तर ती वाट सरळ वाटणारच. ती तशी सांगणारे क्लासवाले पुण्यात, मुंबईत आहेत. जाहिरातीत पास झालेल्यांचे फोटो असतात. त्यांना नोकरी लागली का, ते नसतं.

म्हणून आई-वडिलांना माझं सांगणं आहे की तूर्तास केवळ प्लॅबच्या भरवशावर कर्ज काढू नका. मुलाने भारतातच एमडी किंवा डीएनबी केलं असेल तर ‘मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ नावाची योजना आहे. त्यात इथली रॉयल कॉलेजं परदेशी तज्ज्ञ डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी बोलावतात. तो शिकतो, काम करतो, पगार घेतो आणि परत जातो. कुणी कुणाला फसवत नाही, मुदत आधीच ठरलेली असते. या योजनेतून आलेले मराठी डॉक्टर मी पाहिले आहेत. परतून त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी स्ट्रोक युनिटं उभी केली. अशा जागा वाढवून मागायला हव्यात.

ते मागायचं कोणी? जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात आपल्या आचाऱ्यांना, योगशिक्षकांना आणि शास्त्रीय संगीतकारांना वर्षाला १,८०० जणांपर्यंत तात्पुरतं येऊन काम करण्याची सोय मिळवली. चांगलं झालं. पण एनएचएसच्या वॉर्डात वर्षानुवर्षं राबणाऱ्या आपल्या डॉक्टरांसाठी, त्यांची वर्षं मोजली जावीत म्हणून, दिल्लीतून कुणी जोर लावल्याचं मला दिसलं नाही. आपल्या खासदारांनी हे आरोग्य आणि परराष्ट्र, दोन्ही खात्यांना विचारावं. पुढच्या ट्रेनिंग फेरीचे अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास उघडतील. साताऱ्याचा तो डॉक्टर पुन्हा अर्ज भरणार आहे, तेव्हा तो कोणत्या गटात मोडतो ते त्याला त्याआधी कळायला हवं.