बुलेटचे इंजेक्शन काढू नये

रॉयल एनफिल्डची क्लासिक 500 ही 2009 साली आली ती फ्युएल इंजेक्शन घेऊनच. 2020 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या गाड्या जुन्या होऊ लागल्या, तसे इंजेक्शन उतरवून कार्ब्युरेटर बसवावा हे मत बुलेटवाल्यांत जोर धरू लागले. कार्ब्युरेटर कोणताही मिस्त्री उघडू शकतो, सेन्सरचा दोष मात्र गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी सापडत नाही, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद.

तो अपुरा आहे. या इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट, केवळ पेट्रोल मोजत नाही, ठिणगीची वेळही तोच ठरवतो. तो काढला की इग्निशनचे वेगळे युनिट, नवे वायरिंग आणि इंटेकचा जोड हे सारे करावे लागते. इग्निशनसाठी अनेकदा 350 बुलेटचे युनिट वापरतात. पण त्यातील ठिणगीचे गणित 346 सीसीच्या इंजिनासाठी बांधलेले असते, 499 सीसीच्या नव्हे. सोपेपणासाठी केलेला बदल असा नव्या गुंत्यात अडकतो.

दुसरा मुद्दा इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा. गडहिंग्लजजवळच्या हरळीला साखर कारखाना असलेल्या या ऊसपट्ट्यात इथेनॉलचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवे. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक ठरलेले असते. जेट न बदलल्यास मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. इंजेक्शनचा ऑक्सिजन सेन्सर ही कसर आपल्या मर्यादेत आपोआप भरून काढतो.

उंचीवर हवा विरळ होते, हा इंजेक्शनच्या बाजूचा मुद्दा मात्र ताणू नये. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ, आणि एवढे कार्ब्युरेटर निभावून नेतो. लडाखच्या खिंडींतून जाणाऱ्यालाच इंजेक्शनचा खरा फायदा कळतो.

कार्ब्युरेटरच्या बाजूने जुन्या पोर्शे 911 चा दाखला हमखास दिला जातो. तिच्या के-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये आत येणारी हवा एक तरंगती चकती मोजते. शर्यतीची कॅम बसवली की इंटेकमधील हवेच्या उलट धक्क्यांनी ती चकती थरथरते आणि मापन बिघडते. तिथे वेबर कार्ब्युरेटर बसवणे शहाणपणाचे आहे. क्लासिक 500 मध्ये ना ती चकती, ना ती कॅम.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला.

बॅटरी पूर्ण बसली की पंप चालत नाही आणि किक मारून गाडी सुरू होत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय चांगली बॅटरी हाच. इतर बिघाडांतही ईसीयूवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग पाहावे. पावसाळ्यात कनेक्टरवर चढलेला गंज साफ करावा. मग इशाऱ्याच्या दिव्याची उघडझाप मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधील कोडशी ताडावी. त्यानंतर टाकीतील गाळ, पंपाची जाळी, इंधनाचा दाब आणि थ्रॉटल बॉडीनंतरच्या रबराला पडलेली चीर तपासावी. ही तपासणी मल्टीमीटर आणि प्रेशर गेज एवढ्यावर गडहिंग्लजच्या गॅरेजातही होऊ शकते.