108 घरांचा हिशेब 22 जानेवारीच्या आत द्या!

राज्य सरकार, गृहखातं आणि मुंबई पोलीस यांना हा जाहीर इशारा आहे.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत मुंबईत 900 माणसं मेली, 168 बेपत्ता झाली. त्यांतल्या 60 बेपत्तांच्या घरच्यांना दोन-दोन लाख दिले, उरलेल्या 108 जणांच्या घरच्यांचा पत्ता लागत नाही, असं सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. मतदानाच्या आधी मात्र मतदार चिठ्ठी बरोबर दारात येते!

4 नोव्हेंबर 2022 ला न्यायालयाने बजावलं की, कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडलं, म्हणून भरपाई हा या लोकांचा हक्क आहे. घरं शोधा आणि 22 जानेवारी 1999 पासून 9 टक्के व्याजासह रक्कम द्या. व्याज महिन्याला दीड हजार होतं. मुंबईत त्यात खोलीचं भाडंही भागत नाही, पण ती खैरात नव्हे, थकबाकी आहे.

बेपत्ताच्या घरची कुचंबणा वेगळीच. प्रेत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं कायदा मानतो, पण कागदावर तसं येण्यासाठीही खेटे घालावे लागतात. तोवर खोलीची भाडेपावती त्याच्याच नावावर आणि बँकेत सही त्याचीच हवी. अर्जातल्या रकान्यात बाईने विवाहित लिहायचं की विधवा? शिवाय दंगलीनंतर कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. जुन्या पत्त्यावर नोटीस डकवून ती सापडतील कशी?

खटल्यांचं तेच. न्यायालयापुढे आलेल्या 253 पैकी शिक्षा फक्त 6 खटल्यांत झाली, 114 मध्ये आरोपी सुटले, 97 थंड्या बस्त्यात पडले. दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग युती सरकारने जानेवारी 1996 मध्ये गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा नेमावा लागला. पुढे काँग्रेस-राष्ट्रवादीनेही पंधरा वर्षं राज्य केलं. तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवू नका.

108 पैकी किती घरं सापडली, किती रक्कम चुकती झाली, 97 पैकी किती खटले उघडले, हे आकडे मराठी, हिंदी आणि उर्दूत संबंधित प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लावा. मुंब्रा आणि मीरा रोडलाही लावा. मुदत येत्या 22 जानेवारीपर्यंत. 'फाइल वर गेली आहे' हे उत्तर चालणार नाही. मुदत टळली की अवमान याचिकेचा मार्ग धरू आणि 23 तारखेपासून आझाद मैदानात धरणं धरू. शांततेनेच बसू, पण हिशेब मिळाल्याशिवाय उठणार नाही.

ज्यांचं माणूस तेव्हापासून परतलेलं नाही, त्यांनी जुनी तक्रार, रेशन कार्ड, फोटो, जे हाताशी असेल ते घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठावं. तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो.