रोग डॉक्टरांचा, दुखणे माणसाचे

(द्वितीय वर्ष कला)

वैद्यकीय मानवशास्त्र हे नाव उच्चारले की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा प्रांत मेडिकलच्या मुलांचा, किंवा फार तर परदेशातल्या विद्यापीठांचा. बी. ए. ला शिकणाऱ्यांनी त्यात कशाला डोके घालावे? माझे मत नेमके उलट आहे. या शास्त्राची गरज आपल्या पनवेल तालुक्याला आहे, आणि त्याचे काम करायला घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलेमुली जितकी योग्य तितके दुसरे कोणी नाही. असे मी का म्हणते ते सांगते.

हे शास्त्र काही साधे प्रश्न विचारते. माणूस आजारी पडला की तो त्या आजाराला काय म्हणतो? त्याचे कारण काय समजतो? आणि प्रथम कोणाकडे धाव घेतो? डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे इंग्लंडमधले डॉक्टर. निलगिरीच्या तोडा लोकांचा अभ्यास करून त्यांनी १९०६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांची आणखी काही व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पुस्तकरूपाने आली. त्यांत त्यांनी दाखवून दिले की, ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांचे उपचार मनाला येईल तसे केलेले नसतात. रोगाच्या कारणाविषयी त्यांची जी समजूत असते, तिच्यातून ते तर्कानेच निघतात. पुढे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमधल्या अभ्यासावर १९८० साली पुस्तक लिहिले आणि एक महत्त्वाचा भेद मांडला. डॉक्टरला शरीरात सापडतो तो रोग. माणूस आणि त्याचे घर भोगते ते दुखणे. रोग बरा झाला म्हणजे दुखणे संपलेच, असे नाही.

हा भेद समजायला तैवानला जावे लागत नाही. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे शांतिवन आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेत शोधला. आज बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण बऱ्या झालेल्या माणसाला घर परत घेते का? शेजारी त्याच्या हातचे पाणी पितात का? आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात होते, ते २०१९ साली काढले गेले. म्हणजे गोळ्या निघाल्यानंतरही कित्येक वर्षे कायदासुद्धा त्या माणसाला आजारीच समजत होता. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. हे दुखणे पाहायचे तर माणसांत जाऊन बसावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातले, विंचवाचे. विंचू चावला की मांत्रिकाकडे जायचे ही कोकणातली जुनी रीत. आपण शिकलेली माणसे तिला अडाणीपणा म्हणून मोकळी होतो. पण मंत्राने उतार पडतो असे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या का वाटले, याचा विचार किती जण करतात? काळा विंचू चावला तर कळा भयंकर येतात, पण जीव सहसा जात नाही आणि काही तासांनी ठणका आपोआप उतरतो. मांत्रिकाला यश मिळते ते इथे. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याचे विष हृदयावर जाते, अंगाला दरदरून घाम फुटतो, हातपाय थंड पडतात, फुप्फुसात पाणी भरते. महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रोग्यांना दिले, आणि ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाने १९८६ साली ते संशोधन छापले. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. औषध सापडले, पण रोगी वेळेवर आला तरच ना त्याचा उपयोग? तो आधी मांत्रिकाकडे का जातो हे समजून घेतल्याशिवाय त्याचे पाऊल दवाखान्याकडे वळवता येणार नाही.

आता घरचे सांगते. माझी आजी पनवेलच्या बाजारात भाजी विकायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. मी तेव्हा बारावीत होते, पहाटेच घराबाहेर पडले होते. घरात सर्वांनी एका क्षणात ओळखले, ‘आजीच्या अंगावरून वारं गेलं!’ वारे गेले म्हणजे आडोशाला निजवायचे, लसणीचे तेल तापवून चोळायचे. आई आणि काकू दुपारपर्यंत हात दुखेतो चोळत होत्या. संध्याकाळी काकांनी आजीला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथले तरुण डॉक्टर रागावले, ‘इतका वेळ काय करत होतात? वारंबिरं काही नसतं!’

डॉक्टरांचा राग मी समजू शकते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता, ‘पक्षाघात झाल्यास त्वरित उपचार घ्या.’ आमच्या घरात पक्षाघात हा शब्द कोणाला ठाऊक नाही. वारे मात्र लहान पोरालाही ठाऊक आहे. आईने आणि काकूने आजार अचूक ओळखला होता, तोही डॉक्टरांच्या आधी. फक्त त्यांच्या शब्दाला दवाखान्याकडे जाणारी वाट नव्हती. त्या तक्त्यावर ‘अंगावरून वारं जाणे’ हे तीन शब्द असते, तर आजी सकाळीच दवाखान्यात पोचली असती. ती पूर्ण बरी झाली असती असे मी म्हणत नाही. पण तिला संधी मिळाली असती. आज तिचा उजवा हात उचलत नाही आणि बाजारातली तिची जागा गेली.

कोणी म्हणेल, मग काय भगतांची आरती ओवाळायची? मुळीच नाही. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर रोग्याला डॉक्टरी उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले आणि त्याच साली त्यांचा खून झाला, हे आपण विसरता कामा नये. पण कायदा भगताला अडवू शकतो, माझ्या आईला समजावू शकत नाही. लोकांचे म्हणणे ऐकणे म्हणजे ते मान्य करणे नव्हे. ज्याला पलीकडे न्यायचे आहे तो कुठे उभा आहे, हे आधी पाहावे लागते.

हे करता येते याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तर मिळाले की, तिथे नातलगांना राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे असतात, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. मग त्यांनी झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना उभारला आणि लोकांच्याच सांगण्यावरून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. औषधे आधुनिकच राहिली. दारे तेवढी लोकांना ओळखीची झाली.

आपल्याकडे १८७२ पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, मोठी रुग्णालये आहेत, कातकरी वाड्यांवर झाडपाल्याचे जाणते आहेत. एकच माणूस या तिन्हींकडे जातो, पण त्याचे म्हणणे कोणी लिहून घेत नाही. ते आपण लिहून घेऊ शकतो. सकाळी वर्गात प्रमाण मराठी आणि संध्याकाळी घरी आगरी वा कातकरी बोलणारी आपण मुले दोन्ही तीरांवरची आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात एक वही करावी. गावोगावच्या जाणत्या बायकांना विचारून दुखण्यांचे शब्द त्यांत लिहावेत: गावात काय म्हणतात, कशाने होते असे मानतात, पहिला उपाय कोणता करतात. शेजारच्या रकान्यात डॉक्टरांकडून रोगाचे नाव आणि किती वेळात दवाखाना गाठायचा ते लिहून घ्यावे. अशी वही प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असावी. याला पैसा फारसा लागत नाही. गावात जाऊन निमूट ऐकणारी माणसे लागतात, आणि ती आपल्या वर्गात बसलेली आहेत.