दारातली गाडी कुणाची?

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एक चक्कर मारा. एखाद्या तरी घराच्या ओसरीत, नाहीतर गोठ्याच्या कडेला, पोत्याने झाकलेली एक मोटारसायकल उभी दिसेल. टायर जमिनीला टेकलेले, सीट फाटलेली, हँडलला वासराचं दावं बांधलेलं, रात्री कोंबड्या बसायच्या त्या तिच्यावरच. नंबराची पाटी पुसून पाहिली तर पुष्कळदा एम.एच. 22 निघते. म्हणजे गाडी परभणी जिल्ह्याच्या काळातली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. 'गाडी कुणाची?' म्हणून विचारलं तर घरातली बाई पदर सावरत सांगते, "ह्यांची होती." त्या 'होती'त सगळं आलं.

कर्ता माणूस आजाराने, अपघाताने, नाहीतर कर्जापायी गेला, की तेराव्यानंतर घरातल्या वस्तूंची वाटणी न बोलता सुरू होते. शेताचं पुढे बघू म्हणतात, पण गाडीचा निर्णय लगेच होतो. चांगली असेल तर दीर नाहीतर पुतण्या किल्ली घेऊन जातो. बंद असेल तर भंगारवाला येतो आणि किलोवर तोलून नेतो. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं जातं, "बाईमाणसाला काय करायचंय गाडीचं?" बचत गटाच्या कामात इतकी वर्षं फिरताना मी पाहिलं, शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यासाठी बाया हक्काने कर्ज मागतात. दारातली गाडी चालू करायला पैसे पाहिजेत, असं म्हणणारी मात्र क्वचितच भेटते.

मैत्रिणींनो, हे बदलायला हवं. ती गाडी मालमत्ता आहे आणि तिच्यावर तुमचा हक्क आहे. आधी कायदा बघा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. पहिल्या वर्गातलं कुणी असताना त्याचा नंबरच लागत नाही. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा आहे, पण पत्नीचा वाटा त्यातही ठरलेला आहे. तेव्हा दिराने प्रेमाने मागितली आणि तुम्ही राजीखुशीने दिली तर गोष्ट वेगळी. परस्पर नेण्याचा अधिकार त्याला नाही.

आणि नुसती नेली एवढ्यावर भागत नाही. कागदावर नाव मयताचंच राहिलं, विमा संपलेला असला आणि ती गाडी कुणाला धडकली, तर भरपाईचा दावा नोंदणीवरच्या मालकाच्या वारसांकडे येऊ शकतो. गाडी दुसऱ्याने फिरवायची आणि कोर्टाची नोटीस तुमच्या दारी!

आता म्हणाल, गाडी ठेवून घेतली तरी ती चालणार कशी? आपल्याला यंत्रातलं काय कळतं? का नाही कळत! रॉकेलचा स्टोव्ह आठवा. ज्योत पिवळी झाली, भकभक करायला लागली, की आपण पिन घालून निपलमधला कचरा काढत होतो. कुकरची शिट्टी, शिलाई मशीनचं बॉबिन, मिक्सरचं कपलिंग, हे सगळं कोण दुरुस्त करतं? मोटारसायकलचं कार्बोरेटर हे स्टोव्हच्याच जातीचं. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून ते इंजिनाला पुरवतं. त्यातल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. दोन-चार वर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होतं आणि जेट बुजतं. बंद गाडीचं दुखणं पुष्कळदा इथंच असतं.

मग सुरुवात कुठून करायची? सगळ्यात आधी किक मारण्याचा मोह आवरा. टाकीतलं जुनं पेट्रोल उघड्यावर, चूल-बिडी-लेकरं दूर ठेवून, काढून टाका. टाकीत बॅटरी मारून गंज आहे का बघा. गंज असेल तर टाकी धुवून घ्यावी लागते. पेट्रोलची नळी कडक होऊन चिरली असेल तर बदला, ती स्वस्त असते. नंतर पान्याने प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, थोडा वेळ थांबा आणि हाताने हळूच किक दाबून बघा. इंजिन मोकळं फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. अडकलं असेल तर जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा. प्लगचं टोक काळं झालेलं असतं, ते बारीक काचपेपरने घासा. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराने तिथं बाळंतपण केलेलं असलं तर नवल नाही. चार-स्ट्रोक गाडीचं इंजिन ऑइल पूर्ण बदला. लुना, एम-80, राजदूत अशा जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते विसरलं तर पिस्टन जाम होतो. कार्बोरेटर पहिल्यांदा मिस्त्रीसमोरच उघडा. आणि लक्षात ठेवा, जेटमध्ये स्टोव्हची पिन घालायची नाही. भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल प्यायला लागते. ते पेट्रोलने धुवून हवेने फुंकायचं.

गाडी चालू झाली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. गाडी चालू होण्यापेक्षा ती थांबणं महत्त्वाचं. उभ्या गाडीच्या ब्रेकच्या वायरी गंजतात, ब्रेक शू कडक होतात. हे दोन्ही बदलूनच घ्या, इथे काटकसर नको. टायरला नक्षी दिसते म्हणून तो चांगला असं समजू नका. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. 1412 असेल तर तो 2012 सालच्या 14 व्या आठवड्यात तयार झाला. इतका जुना, भेगा पडलेला टायर हायवेवर फुटला तर? चेन, हॉर्न, पुढचा-मागचा दिवा बघून घ्या. पहिली फेरी मोकळ्या वावरात किंवा शाळेच्या मैदानात, डोक्यावर हेल्मेट घालून, कमी वेगात मारा.

गॅरेजवर गेलात तर बाजूला बाकड्यावर बसून राहू नका. "भाऊ, काय काढलं, काय घातलं, मला दाखवा," असं विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या, बिल लिहून घ्या. चांगला मिस्त्री चिडत नाही, उलट खुलून सांगतो. आणि काम सुरू करण्याआधीच खर्चाचा अंदाज घ्या.

कार्बोरेटर हे बायांचं काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्याला बिअट्रिस शिलिंगची गोष्ट सांगा. ही इंग्लंडची इंजिनिअर स्वतःच्या मोटारसायकलवर शर्यतीत उतरायची आणि गाडीचं कामही स्वतः करायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची लढाऊ विमानं एकदम खाली सूर मारताना बंद पडत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त होई. आपले मिस्त्री ज्याला 'ओव्हर झाली' म्हणतात, तसंच. 1941 मध्ये शिलिंगने भोक असलेली एक छोटीशी पितळी चकती बसवून त्यावर तोडगा काढला. कितीतरी वैमानिकांचे जीव त्या चकतीने वाचले असतील!

आता कागदपत्रं. मालक वारला तर तीन महिन्यांच्या आत वारसाने गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्याचा नमुना क्रमांक 31. सोबत आर.सी. बुक, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, विमा, पीयूसी लागते. इतर वारसांची संमतीही घेऊन ठेवावी. मुदत टळली असली तरी घाबरून घरी बसू नका, दंड भरून अर्ज करता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते; पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 300 वरून 1,000 रुपये झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या दुचाकीसाठी 2,000 रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला सुरक्षा नंबर प्लेटही लागते. हे सगळं हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात एकदा स्वतः जाऊन विचारा. एजंटला पैसे देण्याआधी निदान खरी फी तरी कळेल.

ही सगळी बेरीज केल्यावर प्रत्येकच गाडी वाचवण्याजोगी निघेल, असं नाही. सांगाडा तडकला असेल, चॅसिस नंबर गंजून गेला असेल किंवा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात असेल, तर मन घट्ट करून मोडीत काढा. पण नोंदणी रीतसर रद्द करूनच. आणि पैसे तुमच्या हातात आले पाहिजेत.

चालवायची तर लायसन्स हवंच. मोटारसायकल गियरची असते. विनागियरच्या लायसन्सवर ती चालवता येत नाही. आधी शिकाऊ, मग 30 दिवसांनी पक्कं. मागच्या चाकावरचं साडी गार्ड पोरांनी शोभेसाठी काढलेलं असतं, ते परत बसवा. मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी चाक झाकणारी जाळी असलीच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे.

ज्यांचे मालक ठणठणीत आहेत त्या मैत्रिणींसाठीही एक गोष्ट. 2021 पासून आर.सी.वर वारसदार म्हणून कुणाचं तरी नाव नोंदवता येतं. "असलं अभद्र कशाला बोलायचं?" असं घरात कुणीतरी म्हणेलच. पण बँकेच्या खात्याला नाव लावताना आपण हे म्हणतो का?

लोक हसतील, हे खरं आहे. नगरच्या कायनेटिकने 1972 मध्ये लुना आणली, 1984 मध्ये बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली, तेव्हा त्यावर बसणाऱ्या मास्तरीण बाईंना आणि नर्सबाईंनाही लोक हसलेच होते. आज स्कूटीवरच्या मुलीकडे कुणी वळूनही बघत नाही. सेनगाव, औंढ्याच्या आडगावांत दुपारची एसटी चुकली की संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागतं. लेकरू रात्री तापलं तर शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं आणि त्याच्या बायकोचा चेहरा वाचावा लागतो. हळदीचा भाव बघायला वसमतला कुणीतरी 'नेईल' म्हणून वाट बघावी लागते. एकट्या बाईचं अर्धं आयुष्य अशा वाट बघण्यात जातं.

बचत गटांनी अंतर्गत कर्जाच्या कारणांत 'गाडी दुरुस्ती' हेही लिहावं. गावातल्या एखाद्या मिस्त्रीला गटाच्या बैठकीला बोलवावं, प्लग, ब्रेक, चेन समोर उघडून दाखवायला सांगावं. तासाभराचं काम आहे. आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी या आठवड्यात फक्त दोन कामं करावीत. पेटी उघडून आर.सी. बुक शोधावं आणि गाडीवरचं पोतं काढावं. कोंबड्यांना बसायला दुसरी जागा सापडेल.